सांगलीची रात्र कुणासाठी जागी असते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरहून बदली होऊन सांगलीत आलात, विश्रामबागेत घर घेतलंत, चार महिने झाले. मिरज रोडवरची मोठी हॉटेलं करून झाली, मोबाइलवरून मागवून झालं. आता जुन्या गावात संध्याकाळनंतर काय खावं, किती वाजेपर्यंत मिळतं, वहिनींना आणि आईंना घेऊन जाता येईल का, आणि बँकेतले सहकारी म्हणतात तशी सांगली खरंच नऊला झोपते का?

मी गणपती पेठेच्या मागच्या बाजूला २७ वर्षं खानावळ चालवतो. त्याआधी सात-आठ वर्षं मामांच्या हाताखाली नाटकांच्या मध्यंतरात वडे आणि चहा विकला. जगाची संध्याकाळ ही माझी कामाची वेळ, त्यामुळं या गावाची रात्र मी रोज आतून बघत आलोय.

नऊला झोपते हे अर्धंच खरं. कापडाची, भांड्यांची, सराफांची शटरं साडेआठ-नऊला खाली येतात आणि पेठा एकदम अंधारतात. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, संपलं. पण सांगलीत रात्रीचं खाणं हौसेसाठी उभं राहिलेलं नाही. कुणाचं काम तेव्हा संपतं, कुणाचं सुरू होतं, कुणाची एसटी चुकलेली असते, कुणाचं माणूस सिव्हिलमध्ये ॲडमिट असतं, म्हणून कुठंतरी शेगडी पेटलेली असते. कोण कशासाठी जागं आहे हे कळलं की खाणं आपोआप सापडतं. म्हणून दुकानांच्या नावांची यादी मी देत नाही. गाडे जागा बदलतात, मुलं वडिलांचा गाडा सोडून पुण्याला नोकरीला जातात. वेळा मात्र मी शिकाऊ होतो तेव्हा होत्या त्याच जवळजवळ आजही आहेत.

पहिली वेळ सूर्यास्ताच्या आधीची, आणि ती बाहेरच्या माणसाला कधीच दिसत नाही. सांगली, मिरज, जयसिंगपूर या पट्ट्यात दिगंबर जैन समाज मोठा आहे. शेतकरी आहेत, व्यापारी आहेत, नोकरदार आहेत. त्यांच्यातले बरेच जण, विशेषतः चातुर्मासात, दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. माझ्या खानावळीत चातुर्मासातली पहिली पंगत त्यांचीच असते. आषाढात सात वाजेपर्यंत उजेड असतो, कार्तिकात सहालाच मावळतं, म्हणून ती पंगत दर पंधरवड्याला थोडी थोडी अलीकडं सरकते. नवी वेळ मी खडूनं दारावर लिहितो. त्या स्वयंपाकात कांदा नाही, लसूण नाही, बटाट्यासारखं जमिनीखालचं काही नाही. चव येते ती हिंगाची, जिऱ्याची, शेंगदाण्याच्या कुटाची आणि ओल्या नारळाची. तुमच्या आईंना तिखट चालत नाही असं तुम्ही लिहिलंय. त्यांना या वेळेला आणा. भांडी नुकतीच उतरलेली असतात, आमटीला दुसरी उकळी आलेली नसते, वाढपी दमलेले नसतात. दिवसातलं सगळ्यात निगुतीनं केलेलं जेवण त्या तासात मिळतं, असं माझं २७ वर्षांचं मत आहे.

त्याच सुमाराला, साडेपाच ते साडेसात, भेळ आणि भडंगाची वेळ असते. भडंगाबद्दल मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण बाहेरचे लोक त्याला चिवडा समजतात आणि पाहुण्यांना देण्यासाठी पाकिटं घेऊन मोकळे होतात. पाकिटातलं भडंग वाईट नसतं. गोरे बंधूंचं नाव तर सांगलीबरोबरच घेतलं जातं. पण भडंग समजून घ्यायचं तर ते ताजं, कोमट असताना खायला हवं.

भडंगाचे चुरमुरे वेगळे असतात, भेळेच्या चुरमुऱ्यांपेक्षा जाड, खरपूस आणि अंगचेच खारट. ते आधी कोरडेच गरम करायचे, दातांखाली कुर्र वाजले पाहिजेत. तेलात शेंगदाणे तळून बाजूला काढायचे. मग सालासकट ठेचलेला लसूण मंद आचेवर लालसर होईपर्यंत परतायचा. घाई केली की लसूण बाहेरून करपतो आणि आत ओला राहतो, आणि तो ओलावा दुसऱ्या दिवशी सगळं भडंग सादळवतो. मग कढीपत्ता, हळद. त्यानंतर आच बंद करायची आणि मगच चटणी टाकायची. आमच्याकडं 'चटणी' म्हणजे लाल तिखट, कांदा-लसूण घालून कुटलेलं. उन्हाळ्यात ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला आणि घरच्या सोसण्याप्रमाणं लवंगी घालून ती वर्षभराची करून ठेवतात. चालू आचेवर पडली तर काळी पडते आणि ठसका लागतो. शेवटी मीठ आणि चिमूटभर पिठीसाखर. हे सगळं गरम तेल चुरमुऱ्यांवर ओतून हातानंच खालवर करतात, झारा लावला तर चुरमुरे मोडतात. गाड्यावर मागताना बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू घालून मागा आणि उभ्या उभ्या खा. घरी न्यायचं असेल तर कांदा-लिंबू वेगळं बांधून घ्या.

नागपूरकरांना सवय तर्रीची. इथं तिच्या जागी 'कट' असतो. वड्यावर कट ओतला की कटवडा, फरसाणावर ओतला की मिसळ. पण मिसळ ही इथं सकाळची गोष्ट. संध्याकाळी सातला समोर आलेली मिसळ बहुधा सकाळच्याच कटाची, पाणी वाढवून उकळलेली असते. ती सकाळी आठला खा. संध्याकाळी वडा, मिरची भजी आणि लोणी डोसा घ्या. लोणी डोसा दावणगिरीचा. कर्नाटकाची हद्द मिरजेच्या पलीकडं जवळच आहे, त्यामुळं तो आमच्या गाड्यांवर कधी आला आणि कधी आमचा झाला ते कळलंच नाही. उपम्यालाही आम्ही उप्पीटच म्हणतो. तळणाच्या गाड्यावर थांबण्याआधी कढईकडं एकदा बघा. तेल चहासारखं काळपट दिसत असेल, वडा सोडल्यावर फेस कडेपर्यंत येऊन बसत नसेल किंवा आच बारीक असतानाही धूर येत असेल, तर पुढं चला. ते तेल आजचं ताजं नाही, त्यात आधी पुष्कळ तळण होऊन गेलेलं आहे.

आता चालायचं कुठून. गाडी जुन्या गावात आणू नका. गणपती मंदिराजवळ किंवा आयर्विन पुलाच्या बाजूला लावा आणि पायी निघा. सातच्या सुमाराला मंदिरात आरतीची गर्दी असते. तिथून गणपती पेठेत शिरलात की घाऊक किराण्याचा, मसाल्याचा, हळदीचा वास येईल. फेब्रुवारीपासून नव्या हळदीचा हंगाम असतो तेव्हा हा वास कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्याला त्याआधीच मिळालं होतं. सौदे मार्केट यार्डात होतात, पण गावाच्या पोटात अजूनही पोत्यांची चढ-उतार चालते. ती करणारे हमाल दिवसभराचं काम संपवून सात-साडेसातला जेवतात, त्यांच्यासाठी असलेल्या छोट्या खानावळींत. अशा खानावळीत भाकरी मोजून मिळत नाही. माणूस दिवसभर पन्नास किलोची पोती उचलून आलेला असतो, त्याला तिसरी भाकरी विचारायची नसते, वाढायची असते. मी हे मामांकडून नाही, एका हमालाकडून शिकलो. खानावळ काढली त्या पहिल्या महिन्यात मी ताटात दोनच भाकऱ्या ठरवल्या होत्या. ते जेवून उठले, पैसे ठेवले आणि म्हणाले, "पोट अर्धं ठेवून पाठवलंस, उद्या येत नाही." आले नाहीतच. मी नियम बदलला. दोन महिन्यांनी ते परत आले, काही न बोलता बसले, आणि पुढची अकरा वर्षं रोज येत राहिले.

तिथून हरभट रोड, मारुती चौक, राजवाड्याची बाजू असं फिरा. शनिवारी आठवडा बाजार असतो, त्या दिवशी पेठांत पाय ठेवायला जागा नसते. भाजी, मिरची, कपडे सगळं रस्त्यावर. एकट्यानं बघायला छान, आईंना घेऊन अजिबात नको. या फेरीत तुम्हाला रसवंत्या दिसतील. उसाचा मुलूख आहे, त्यामुळं रसवंतीचे घुंगरू इथं उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत ऐकू येतात. रस बर्फाशिवाय मागा आणि आलं-लिंबू चरकातच उसाबरोबर घालायला सांगा.

जेवायला बसायचं तर आठच्या आत. सांगलीच्या जेवणाचं मर्म भाकरीत आहे आणि भाकरी वेळेची बांधील असते. साडेसातला तव्यावरून फुगून उतरलेली ज्वारीची भाकरी साडेनऊला टोपल्यात आंबट वास धरते. जुन्या गावात आणि मिरजेकडं लिंगायत पद्धतीच्या खानावळी आहेत, शुद्ध शाकाहारी. तिथं एकदा तरी जेवा. जोंधळ्याची भाकरी, मऊ हवी तर मऊ, कडक हवी तर कडक, झुणका, शेंगाचटणी, एखादी उसळ, दही, आणि ताटाच्या कडेला कच्ची मेथी, कांद्याची पात, काकडी. पाहुण्यांना ही पालेभाजी सजावट वाटते आणि ते ती तशीच ठेवून उठतात. ती चटणीबरोबर खायची असते, तिखट त्याच्यानं सोसवतं.

आणि वांगी. कृष्णाकाठच्या वांग्यांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. नदीनं आणून टाकलेल्या गाळात, हरिपूर आणि आसपासच्या मळ्यांत जे वांगं येतं त्याचं साल पातळ, बी कमी आणि गर लोण्यासारखा. ते भरायला मसाला कमी लागतो: शेंगदाण्याचा कूट, तीळ, चटणी, थोडा गूळ. जास्त मसाला भरणारा आचारी बहुतेक वेळा वांगं झाकत असतो. मी गेली कित्येक वर्षं वांगी पहाटे मंडईत एकाच मळ्याची घेतो. पावसाळ्यात ती मिळत नाहीत, तेव्हा माझ्याकडं भरलं वांगं बंद असतं. हायब्रीड वांगं भरून तेच नाव लावणं मला जमत नाही.

हरिपूरला संध्याकाळी एकदा जाऊन या. सांगलीपासून जवळ आहे, रस्त्याला जुनी चिंचेची झाडं आहेत, शेवटी संगमेश्वराचं देऊळ आणि कृष्णा-वारणेचा संगम. याच हरिपुरात हळद साठवायची पेवं होती. जमिनीखाली खोल, हंड्यासारखी, वरून निमुळती. त्यात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीचशी पेवं गेली. देवळाजवळ शेंगा, कणसं मिळतात, पण जेवायला तिथं थांबू नका. अंधार पडायच्या आत परत या आणि गावात जेवा.

मांसाहाराबद्दल तुम्ही विचारलंत, कारण सावजीची सवय. इथला झणझणीतपणा वेगळ्या जातीचा आहे. सावजीत काळ्या मसाल्याची खोली असते, इथं लाल चटणीचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा जोर. ताटात सुकं मटण, तांबडा रस्सा, अळणी आणि भाकरी येते. अळणी म्हणजे तिखटाशिवाय, हळद-मिठात शिजवलेल्या मटणाचं पाणी. जेवणाच्या सुरुवातीला ते वाटीभर प्यायचं. खरं सांगू का, आचाऱ्याची परीक्षा तिथंच होते. तांबड्या रश्श्यात शिळं मटण लपतं, अळणीत लपत नाही. वाटी नाकाजवळ न्या, वास स्वच्छ आला तर निर्धास्त जेवा.

पण वार बघून जा. सोमवार, गुरुवार, शनिवार बरीच घरं पाळतात. श्रावणात तर अनेक मटणाच्या खानावळी महिनाभर रंगरंगोटीसाठी बंद होतात. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे खरे वार. त्या दिवशी बकरं सकाळी कापलेलं असतं आणि संध्याकाळपर्यंत संपलेलं असतं. गुरुवारी रात्री मटणाचं ताट मिळालंच, तर ते मटण कोणत्या दिवसाचं हे स्वतःलाच विचारा. आखाडात, श्रावणाआधीच्या पंधरवड्यात, सगळीकडं गर्दी उसळते. तेव्हा चव घसरते, कारण शंभर ताटांचा आचारी तीनशे ताटं काढत असतो.

अख्खा मसूर मात्र वार बघत नाही. सबंध मसूर टोमॅटो-कांद्याच्या घट्ट रश्श्यात, वर लोणी, बरोबर तंदूरची रोटी. इस्लामपूरकडच्या ढाब्यांनी तो गाजवला आणि आता सांगलीच्या चारी रस्त्यांवर मिळतो. तो ढाब्यावरच खा, गावात नको. मसूर रात्रभर मोठ्या पातेल्यात मंद शिजलेला हवा, आणि गावातल्या छोट्या स्वयंपाकघरांत तेवढी जागा आणि तेवढा जाळ नसतो.

नाटकाच्या रात्रीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथल्या संस्थानात, चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं पहिलं मराठी नाटक उभं केलं. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन पाळतात आणि त्या दिवशी इथं भाव्यांच्या नावानं गौरवपदक दिलं जातं. इतिहासाच्या पुस्तकात हे तुम्ही वाचलं असेल. मी सांगतो ते त्याच्या मागच्या दाराचं. मामांचा वड्यांचा ठेका होता तेव्हा आम्ही पहिल्या अंकात बटाट्याची भाजी आणि पीठ तयार ठेवायचो आणि आतल्या आवाजावर कान लावून बसायचो. तळणी लावायची ती मध्यंतराच्या बरोबर बारा मिनिटं आधी. मामांना कोणत्या नाटकात कोणत्या वाक्यावर तेल तापवायचं हे पाठ होतं. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. पहिल्या पाच मिनिटांत माणसाच्या हातात गरम वडा पडला पाहिजे, तर तो चहाही घेतो. आणि तळण्याचा चुर्र आवाज किंवा वास आत जाता कामा नये, नाहीतर व्यवस्थापक रागवायचे. एकदा एका ज्येष्ठ नटानं अंक संपवून तसंच मेकअपमध्ये येऊन मामांना सांगितलं होतं, "तुमचा वास आला आणि माझा विराम चुकला." त्यानंतर मामांनी शेगडी वीस पावलं मागं नेली आणि शेवटपर्यंत तिथंच ठेवली.

नाटक सुटतं साडेबाराच्या सुमाराला. त्या रात्री गावभागातला एखादा चहावाला, एखादा अंडाभुर्जीचा गाडा मुद्दाम उघडा राहतो. फलकावर प्रयोगाची वेळ बघून ते ठरवतात. तुम्हाला जुन्या सांगलीची रात्र एकदाच बघायची असेल तर भावे नाट्यमंदिरात रात्रीचा प्रयोग बघा आणि सुटल्यावर लगेच गाडीकडं न धावता अर्धा तास बाहेर उभे राहा. लोक चहा घेत दुसऱ्या अंकावर भांडत असतात, आणि पुष्कळदा नटमंडळीही बस निघेपर्यंत त्याच चहावाल्यासमोर असतात. वहिनींना त्या गर्दीत काही अडचण येणार नाही. निम्मा प्रेक्षक बायकांचाच असतो.

एरवीच्या दिवशी साडेदहानंतर तीन ठिकाणी खायला मिळतं. एसटी स्टँड, सिव्हिल हॉस्पिटलचा परिसर आणि मिरज. स्टँडवर पोहे, चहा, ऑम्लेट-पाव. चव मध्यम, पण उलाढाल जास्त म्हणून ताजं. सिव्हिलच्या बाहेरचे गाडे मला आदराचे वाटतात. तिथं रात्री दोनला कांजी किंवा नुसता मऊ भात मागितला तर कुणी कपाळाला आठी घालत नाही. मात्र तिथं हौसेनं खायला जाऊ नका. बाकावरची जागा ज्याला हवी त्याच्यासाठी राहू द्या.

मिरज दहा किलोमीटरवर आणि रात्रीच्या बाबतीत वेगळंच गाव. कोल्हापूर, पुणे, बेळगाव, पंढरपूर या चारी दिशांचं रेल्वे जंक्शन, शिवाय दवाखान्यांचं गाव, त्यामुळं स्टेशनच्या बाजूला चहा कधी थंड होत नाही. बिर्याणी, खिमा-पाव, पाया यांच्यासाठी सांगलीकर रात्री मिरजेलाच जातात. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, त्यांची कबर त्याच आवारात आहे. पहाटेपर्यंत गाणं चालतं आणि बाहेर चहा-भज्यांची दुकानं पहाटेपर्यंतच. आणि अनंत चतुर्दशीला मिरजेची विसर्जन मिरवणूक, मोठमोठ्या स्वागत कमानींखालून, दुसऱ्या दिवसापर्यंत. सांगली संस्थानचा गणपती मात्र पाचव्या दिवशीच कृष्णेत विसर्जित होतो. त्या दुपारी राजवाड्यापासून घाटापर्यंत सगळं गाव रस्त्यावर असतं आणि माझ्या खानावळीत त्या संध्याकाळी फक्त पिठलं-भात असतो, कारण दुसरं काही करायला स्वयंपाकघरात माणूसच नसतं.

पिण्याबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंय, मीही थोडक्यात सांगतो. पब वगैरे जुन्या गावात नाहीत. परमिट रूम आहेत, बहुतेक पुरुषांच्या, आणि अंधाऱ्या. कुटुंबासह बसण्यासारखं हवं तर मिरज रोड आणि कोल्हापूर रोडच्या बाजूला फॅमिली रूम वेगळी असलेली हॉटेलं बघा. महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो, बिअरला वय २१ आणि कडक दारूला २५. एका दिवसाचा परवाना दुकानात मिळतो. पिऊन गाडी पुलावरून काढू नका. रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात, मागं दिवा नसतो, आणि हंगामात दरवर्षी कुणाचा तरी जीव जातो.

पावसाळ्याची एक गोष्ट. कृष्णेला पाणी आलं की सांगलीकर आयर्विन पुलावर पाणी बघायला जातात. पूल १९२९ चा. पाणी किती फूट हे तिथं मोजतात. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोक्याची. पुलाच्या तोंडाशी कणसं भाजणारे बसतात. तुम्हाला ती जत्रा वाटेल. पण लोक आकडा बघायला आलेले असतात. मनातल्या मनात आपलं जोतं किती फुटांवर आहे याचा हिशेब करत असतात. २०१९ च्या ऑगस्टात तो आकडा ५७ च्या वर गेला. माझ्या खानावळीत पाणी माळ्याला लागलं. मी पीठ, डाळी, तेलाचे डबे आदल्या रात्री माळ्यावर चढवले होते, तिथंच ते भिजले. मोठी दोन पातेली तेवढी टेम्पोत घालून विश्रामबागेकडं नेली होती. तिथं एका मंगल कार्यालयात पेठेतली माणसं आसऱ्याला होती, त्यांच्यासाठी आम्ही आठ दिवस दोन वेळा आमटी-भात केला. रोज माझ्याकडं जेवणारेच लोक, फक्त जागा बदललेली. पाणी उतरल्यावर पेठेत गुडघाभर गाळ होता, सडलेल्या धान्याचा वास होता, आणि तिसऱ्या दिवशी मारुती चौकात एक जण स्टोव्ह मांडून चहा करत होता. कप नव्हते, लोक घरून तांबे-पेले घेऊन आले. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा आम्ही डबे माळ्यावर नाही, गावाबाहेर हलवले.

जुन्या भिंतींवर त्या पाण्याच्या रेघा अजून दिसतात, फिरताना बघा. काही खानावळींनी मुद्दाम रंग दिलेला नाही. आणि एखाद्या ठिकाणी टेबलं नवी, ओटा नवा, पण माणूस म्हातारा आणि हात सरावलेला दिसला, तर तिथं बसा.

तुमची पहिली संध्याकाळ मी अशी ठरवेन. मंगळवार सोडा, गणपतीला गर्दी असते. बुधवारी सव्वापाचला या, आईंना देवदर्शन, मग त्यांचं बिनकांद्याचं ताट. तुम्ही आणि वहिनी तेव्हा फक्त चहा घ्या. साडेसहाला पेठेतून चालत भडंग. आई दमल्या तर देवळाच्या ओट्यावर बसतील, तिथं संध्याकाळी त्यांच्या वयाच्या बायका रोज असतात, ओळख आपोआप होईल. साडेसातला तुम्हा दोघांना भाकरी आणि मटण, किंवा थंडीचे दिवस असतील तर भरलं वांगं. परत जाताना मसाला दूध, कढईतलं, साय वर आलेलं. नऊला घरी. नाटकाच्या रात्रीसाठी दुसऱ्यांदा या, आईंना त्या दिवशी दुपारी झोपवून.